तांबडी पुळण आणि माल्टाचा ताप

वैद्यकाच्या अभ्यासक्रमात काही गावांची व बेटांची नावे रोगांच्या निमित्ताने आपल्या ओळखीची होतात. माल्टा हे त्यांपैकी एक. 'ब्रुसेला मेलिटेन्सिस' हा जंतू, 'माल्टा फीव्हर' हे त्याच्या तापाचे जुने नाव आणि शोध डेव्हिड ब्रूस यांचा, एवढे आपण सर्वांनी द्वितीय एम.बी.बी.एस.ला पाठ केलेले असते. मेलिटा हे माल्टाचे रोमन काळातील नाव. जंतूच्या नावात ते गोठून राहिले आहे. परीक्षा संपली की बेटही विस्मृतीत जाते. सप्टेंबर महिन्यात आम्हा उभयतांना त्या बेटावर आठ दिवस राहण्याचा योग आला. तेथील एका लहानशा पुळणीवर पाठ्यपुस्तकातल्या त्या तीन ओळींचा राहिलेला भाग सापडला, आणि तो आपल्या व्यवसायबंधूंना सांगावा असे वाटले. त्या पुळणीचे नाव आइन तुफ्फीहा.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेला लहान द्वीपसमूह. सर्व बेटांचे क्षेत्रफळ मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा तालुक्याएवढे. राजधानी व्हॅलेटा पूर्व किनाऱ्यावर आहे, तर आइन तुफ्फीहा वायव्य किनाऱ्यावर. बसने तासाभरात तेथे पोहोचता येते. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली असली तरी ती रोमन लिपीत लिहितात. 'आइन' म्हणजे झरा आणि 'तुफ्फीहा' म्हणजे सफरचंद, म्हणून हा 'सफरचंदाचा झरा'. आज तेथे सफरचंदाचे झाड दिसत नाही. झऱ्याची गोष्ट मात्र खरी आहे, आणि पुढील सारी हकिकत त्या झऱ्याशीच निगडित आहे.

पुळण, माती आणि झरा

बस थांबते ती कड्याच्या माथ्यावर. तेथून दोनशेच्या आसपास पायऱ्या उतरल्या की वाळू लागते. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या विस्तीर्ण किनाऱ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना हा किनारा चिमुकलाच वाटेल. दोन्ही बाजूंनी डोंगराचे बाहू पुढे आलेले आणि मध्ये तांबूस सोनेरी वाळूची एक कोर. दक्षिणेकडे 'इल्-कर्राबा' नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे, आणि त्याच्या पलीकडे जनेयनाची पुळण आहे. उत्तरेस टेकाडापलीकडे गोल्डन बे हा अधिक गजबजलेला किनारा. आइन तुफ्फीहा या दोहोंच्या मधोमध, पायऱ्यांच्या धाकामुळे काहीशी निवांत राहिलेली. खाडीचे तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे सायंकाळी सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो. वायव्येचा वारा सुटला की मात्र येथे पाण्याची ओढ जबर होते. त्या दिवशी पोहू नये, हे तेथील लोक आवर्जून सांगतात.

पुळणीवर उभे राहून मागे वळून पाहिले की डोंगराची रचना एखाद्या आकृतीसारखी स्पष्ट दिसते. माथ्यावर प्रवाळयुक्त चुनखडीचा कठीण थर आहे. त्याखाली राखाडी-निळसर चिकणमातीचे जाड उतार थेट वाळूपर्यंत आलेले आहेत. पावसाचे पाणी चुनखडीच्या भेगांतून झिरपत खाली जाते, परंतु चिकणमाती त्याला पुढे जाऊ देत नाही. अडलेले पाणी दोन थरांच्या सांध्यातून बाहेर पडते व झरा वाहू लागतो. माल्टात बारमाही नदी नाही. अशा कोरड्या बेटावर ज्या जागी चुनखडी व चिकणमाती यांचा सांधा उघडा पडतो, ती जागा मोलाची ठरते. माणसे तिथेच वस्ती करतात आणि शेतीही तिथेच करतात.

टेहळणीचा बुरूज

कड्याच्या माथ्यावर एक चौकोनी दगडी बुरूज आहे. तो १६३७ साली बांधला गेला. त्या काळी माल्टावर सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांची सत्ता होती. ती १५३० पासून १७९८ मध्ये नेपोलियन येईपर्यंत टिकली. त्यांचा तेव्हाचा प्रमुख, ग्रँड मास्टर लास्कारिस, याने किनाऱ्यावर जे छोटे बुरूज उभारले त्यांपैकी हा एक. एकावर एक अशा दोन खोल्या, एखादी तोफ आणि दोन-चार पहारेकरी, एवढाच त्याचा संसार. समुद्रावर उत्तर आफ्रिकेच्या चाच्यांची गलबते दिसली की दिवसा धूर व रात्री जाळ करून शेजारच्या बुरुजाला खूण करावयाची. सपाट वाळूची पुळण ही जहाजातून माणसे उतरवण्यास सोयीची जागा, म्हणूनच येथे पहारा आवश्यक होता.

याच लास्कारिसच्या कारकिर्दीत, १६४३ साली, व्हॅलेटाच्या बंदरातील एका बेटावर कायमस्वरूपी 'लाझारेट्टो' म्हणजे विलगीकरणगृह बांधले गेले. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांतील उतारू व माल तेथे ठराविक दिवस अडकवून ठेवीत, म्हणजे प्लेग शहरात शिरू नये. पुढे माल्टाचे विलगीकरण साऱ्या भूमध्य समुद्रात नावाजले. बुरूज आणि लाझारेट्टो यांमागील समज एकच होती, की संकट समुद्रावरून येते आणि किनाऱ्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला की ते अडवता येते. चाचे व प्लेग यांच्या बाबतीत ती समज बरीचशी खरीही होती. परंतु या बेटाला ज्या तापाने आपले नाव मिळवून दिले, तो समुद्रावरून येत नव्हता. तो रोज सकाळी गळ्यात घंटा बांधून दारात येत होता, आणि लोक भांडे घेऊन त्याच्या स्वागताला बाहेर येत होते.

स्नानगृहे उकरणारा डॉक्टर

पुळणीपासून आत, इमजार गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या खोऱ्यात रोमन काळातील स्नानगृहांचे अवशेष आहेत. १९२९ साली झऱ्याचे पाणी नेण्यासाठी काम चालू असताना ते उघडकीस आले. गरम पाण्याची खोली, कोमट खोली, थंड पाण्याचे कुंड, पोहण्याचा हौद, सार्वजनिक शौचकूप आणि रंगीत दगडी तुकड्यांची नक्षीदार जमीन असा सारा थाट तेथे होता. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणा रोमन बांधकाम करणाऱ्याने चिकणमातीवर अडलेल्या त्याच पाण्याचा नेमका उपयोग करून घेतला होता. आम्ही गेलो त्या दिवशी आत प्रवेश नव्हता, कुंपणाबाहेरून जे दिसले तेवढेच पाहिले. परंतु हे उत्खनन कोणी केले हे कळल्यावर माझ्यातला डॉक्टर त्या कुंपणाशी बराच वेळ रेंगाळला.

उत्खनन केले होते सर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी. माल्टात त्यांना प्रेमाने 'तेमी' म्हणतात. ते बेटाच्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख होते. तार्शीन येथील पाच हजार वर्षांपूर्वीची पाषाणमंदिरे १९१५ पासून त्यांनीच उजेडात आणली. १९२० ते १९२६ या काळात ते माल्टा विद्यापीठाचे रेक्टर होते. १९३० साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १९३५ साली ते निवर्तले. पुरातत्त्वाच्या इतिहासात त्यांचे स्थान पक्के आहे. पण ते मुळात डॉक्टर होते आणि सरकारी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत रसायन व सूक्ष्मजंतू यांचे काम करीत असत. माल्टाचा ताप माणसाला कसा होतो, या प्रश्नाची किल्ली १९०५ साली त्यांनाच सापडली.

लांबणारा ताप

एकोणिसाव्या शतकात माल्टा हे ब्रिटिश आरमाराचे भूमध्य समुद्रातील मुख्य ठाणे होते. तेथे नेमणूक झालेल्या सैनिकांना व खलाशांना एक चमत्कारिक ताप येई. तो आठ-दहा दिवस चढे, मग उतरे, रोगी बरा झाला असे वाटे, आणि पुन्हा लाट येई. रात्री घामाने अंथरूण भिजे, सांधे व कंबर धरे, मन खचून जाई, वृषणास सूज येई. मृत्यू थोडे होत, परंतु माणूस दोन-दोन, तीन-तीन महिने खाटेला खिळून राही व पुढे कित्येक महिने कामास निरुपयोगी होई. १८६० च्या सुमारास मार्स्टन या लष्करी डॉक्टरांनी त्याचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांना स्वतःलाही हा ताप येऊन गेला होता. १८९७ साली ह्यूज यांनी लाटांसारख्या चढउतारावरून 'अनड्युलंट फीव्हर' हे नाव रूढ केले.

डेव्हिड ब्रूस १८८४ साली तरुण लष्करी डॉक्टर म्हणून माल्टात आले. त्यांच्या पत्नी मेरी या प्रयोगशाळेच्या कामात त्यांच्या बरोबरीने राबत. माल्टी डॉक्टर कारुआना-शिक्लुना यांचेही त्यांना साह्य होते. १८८६ साली या तापाने मृत झालेल्या सैनिकांच्या प्लीहेत ब्रूस यांना एक अतिसूक्ष्म जंतू आढळला आणि १८८७ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. १८९७ मध्ये राइट व सेम्पल यांनी रक्तरसाची 'अॅग्लुटिनेशन' चाचणी या तापाला लावली व निदान सोपे झाले. म्हणजे जंतू माहीत झाला, चाचणीही हाती आली. तरीही पुढे कित्येक वर्षे सैनिक पूर्वीसारखेच आजारी पडत राहिले, कारण जंतू शरीरात कोठून येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते.

संशय पुष्कळ गोष्टींवर होता. बंदरात सोडलेले मैलापाणी, बराकींतील गटारे, धूळ, डास. १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या देखरेखीखाली ब्रूस यांच्या नेतृत्वात 'मेडिटरेनियन फीव्हर कमिशन' नेमले गेले. त्यात लष्कराचे, आरमाराचे व माल्टा सरकारचे डॉक्टर होते. झॅमिट हे त्यांपैकी माल्टा सरकारच्या बाजूने. कमिशनने पाणी, हवा, धूळ, कीटक सारे तपासले. हाती काहीच ठोस लागेना.

बकरीचे रक्त

माल्टात तेव्हा वीसेक हजार बकऱ्या होत्या आणि बेटाला दूध मुख्यतः त्यांचेच मिळे. पहाटे गवळी आपला कळप घेऊन व्हॅलेटाच्या चढउताराच्या गल्ल्यांतून फिरे. घराच्या दारात, प्रसंगी जिना चढवून वरच्या मजल्यावर बकरी नेऊन, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भांड्यात दूध काढून देई. त्यात पाणी घातलेले नाही याची याहून मोठी ग्वाही कोणती? ताजे, कोमट, फेसाळ दूध. आपल्याकडे ज्याला धारोष्ण म्हणतात, तेच.

बकरी या तापाला बळी पडत नाही असा समज होता, कारण बकऱ्या दिसावयास ठणठणीत असत. जून १९०५ मध्ये झॅमिट यांनी प्रयोगासाठी काही बकऱ्या घेतल्या. त्यांना जंतू देऊन पुढे काय होते ते पाहावे, असा बेत होता. सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी त्या बकऱ्यांचे रक्त तपासले. हे पाऊल अनेकांना निरर्थक वाटले असते, कारण निरोगी जनावरात काय सापडणार? सहापैकी पाच बकऱ्यांच्या रक्ताने चाचणीस होकार दिला. त्यांना जंतूची लागण आधीच झालेली होती. त्यानंतर काही दिवसांतच कमिशनचे सदस्य मेजर हॉरॉक्स यांना बकरीच्या दुधातही जिवंत जंतू मिळाले. पुढील तपासणीत बेटावरील सुमारे दहापैकी एक बकरी दुधावाटे जंतू बाहेर टाकत असल्याचे दिसून आले.

एकदा हे कळल्यावर अनेक कोडी आपोआप उलगडली. साध्या शिपायांपेक्षा अधिकाऱ्यांत ताप अधिक का? अधिकारी दूध अधिक पीत. दुसऱ्याच आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांना तेथे हा ताप का जडे? रुग्णालयात पथ्य म्हणून दूध दिले जाई. डॉक्टर ज्या पेल्याला पथ्य समजत होते, त्याच पेल्यातून रोग रुग्णाच्या पोटात जात होता. त्याच वर्षी माल्टी बकऱ्यांचा एक कळप 'जोशुआ निकल्सन' या जहाजातून अमेरिकेकडे निघाला. वाटेत ते दूध कच्चे पिणाऱ्या खलाशांपैकी अनेकांना हा ताप आला. कोणीही योजून केला नसता असा प्रयोग समुद्राने करून दाखवला.

व्हॅलेटातील मर्चंट्स स्ट्रीटवर 'कास्तेल्लानिया' नावाची जुनी न्यायालयाची इमारत आहे. आरोग्य खात्याची प्रयोगशाळा तेव्हा तेथे होती, आणि झॅमिट यांच्या शोधाची नोंद करणारी शिला तेथे बसवलेली आहे. जंतूच्या प्रजातीला मात्र १९२० साली ब्रूस यांचे नाव मिळाले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तेवढेच उरले.

छावणी आणि गाव

१९०६ च्या उन्हाळ्यात लष्कराने व आरमाराने आपल्या सर्व भोजनगृहांतून व रुग्णालयांतून बकरीचे कच्चे दूध हद्दपार केले आणि डब्यातील आटवलेले दूध सुरू केले. परिणाम थक्क करणारा होता. १९०५ साली फौजेत शेकड्यांनी मोजले जाणारे रुग्ण दोन वर्षांत बोटांवर मोजण्याइतके राहिले. लस नव्हती, औषध नव्हते. केवळ एक पदार्थ ताटावरून उचलला गेला.

येथे पुन्हा आइन तुफ्फीहाच्या पुळणीकडे वळावे लागते. गोल्डन बे व आइन तुफ्फीहा यांच्या माथ्यावरील पठारावर ब्रिटिश लष्कराची छावणी होती. पहिल्या महायुद्धात १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईतून जखमी व आजारी सैनिकांची जहाजे माल्टाला येऊ लागली. त्यांत आमांश व विषमज्वराचे रुग्णही फार मोठ्या प्रमाणात होते. १९१६ च्या आरंभी त्या चिमुकल्या बेटावर वीस हजारांहून अधिक खाटा मांडल्या गेल्या, आणि 'भूमध्य समुद्राची परिचारिका' असे माल्टाचे नाव पडले. आइन तुफ्फीहाच्या छावणीत बरे होत आलेल्या सैनिकांना पुन्हा ताकद यावी म्हणून ठेवीत. त्यांना येथे समुद्राची मोकळी हवा मिळे, ऊन मिळे, आणि पायऱ्या उतरले की ही वाळू होती.

हे रोगी दहा वर्षे आधी आले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक डॉक्टरने करून पाहावा. अशक्त रोग्याला पथ्य म्हणून दूध दिले गेले असते आणि एक आजार बरा होत असता दुसरा जडला असता. ते टळले, यामागे कास्तेल्लानियातील त्या सहा बकऱ्यांचे रक्त होते.

परंतु त्याच छावणीपासून थोड्या अंतरावर इमजार गाव होते आणि पलीकडे सारे बेट होते. तेथे बकऱ्या पूर्वीसारख्याच दारोदार फिरत होत्या. फौजेला हुकूम देता येतो, नागरिकांना कोणी हुकूम द्यावा? हजारो कुटुंबांची उपजीविका बकऱ्यांवर होती. लागण झालेली बकरी मारावी तर गवळ्याला भरपाई कोण देणार? आटवलेल्या दुधाचा डबा मजुराला परवडत नव्हता. दूध तापवा असे सांगितले तर लोकांना ते पटत नसे. चव जाते, कस जातो, आणि निरोगी दिसणाऱ्या जनावरात रोग असतोच कसा, असे ते विचारीत. सरकार परके, त्याचा डॉक्टर तितकाच परका. माल्टात दुधाचे पाश्चरीकरण सुरू झाले ते १९३८ साली, म्हणजे शोधानंतर तेहतीस वर्षांनी. झॅमिट यांना ते पाहता आले नाही. त्यांच्या शोधाने परदेशी शिपाई दोन वर्षांत सुरक्षित झाला आणि त्यांच्या स्वतःच्या देशबांधवांना एक पिढी वाट पाहावी लागली.

त्यानंतरही प्रश्न पूर्णपणे मिटला नाही. १९९५ साली माल्टात या रोगाचा पुन्हा उद्रेक झाला आणि शंभराहून अधिक लोक आजारी पडले. कारण होते पाश्चरीकरण न केलेल्या दुधाचे घरगुती ताजे चीज. आवडीच्या चवीपुढे नव्वद वर्षांचे ज्ञान एका हंगामात हार खाऊ शकते.

आपल्या अंगणात

माल्टाशी आपला एक जुना संबंधही आहे. १८७८ साली रशियाशी युद्ध होण्याची चिन्हे दिसताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानी फौज माल्टाला नेली. तीत मुंबई इलाख्यातील पलटणीही होत्या. परंतु या लेखाचे प्रयोजन त्याहून जवळचे आहे.

ब्रुसेलोसिस आपल्याकडे आहे, आणि थोडाथोडका नाही. गाई-म्हशींत तो मुख्यतः 'ब्रुसेला अबॉर्टस' या जातीमुळे होतो, शेळ्या-मेंढ्यांत 'मेलिटेन्सिस'मुळे. जनावर गाभ टाकते, वार अडकते, दूध घटते, एरवी ते धडधाकट दिसते. माल्टाची बकरी आणि बँगचा गाईचा जंतू हे जवळचे भाऊबंद आहेत, हे १९१८ साली अॅलिस इव्हान्स या अमेरिकन संशोधिकेने दाखवले तेव्हा पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले होते. पुढे त्यांना स्वतःला प्रयोगशाळेत या जंतूची लागण झाली आणि त्या दीर्घकाळ आजारी राहिल्या.

आपल्या शहरी घरांत दूध उकळून साय येईपर्यंत तापवण्याची रीत आहे. आजीने घालून दिलेल्या या शिस्तीने आपल्याला किती वाचवले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. परंतु धारोष्ण दुधाचा महिमाही आपल्याच परंपरेत आहे. तालमीतल्या पोराला म्हशीच्या आचळाखालचे ताजे दूध पाजण्यात अभिमान मानला जातो. पंचामृतासाठी पुष्कळ घरांत न तापवलेलेच दूध घेतात. गोठ्यात काम करणारा गडी, मेंढपाळ, वार ओढून काढणारा पशुवैद्य, खाटीकखान्यातील कामगार, यांना तर दूध न पिताही लागण होते, कारण अडकलेल्या वारेत व गाभ टाकलेल्या वासरात जंतूंची दाटी असते आणि हाताला साधी खरचटही पुरते.

आपण बडोद्यातील डॉक्टर एका बाबतीत भाग्यवान आहोत. आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर आणंद आहे. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी आपला सहकारी संघ स्थापन केला आणि १९४८ पासून तो मुंबईसाठी दुधाचे पाश्चरीकरण करू लागला. दूध मुंबईपर्यंत नासू नये हा त्याचा पहिला हेतू, रोगनिवारण हा त्याचा न मागता मिळालेला लाभ. माल्टातील गवळ्याला पाश्चरीकरण हे आपल्या पोटावर आलेले संकट वाटले. खेड्यातील शेतकऱ्याला तेच यंत्र आपल्या मालकीचे म्हणून मिळाले, आणि दुधाचा भाव वाढला. विज्ञान दोन्हीकडे एकच होते. ते कोणाच्या हातून आणि कोणाच्या फायद्याचे म्हणून आले, यावर त्याचे स्वागत ठरले. आरोग्यशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जनावरांकडून रोगाचा उगमच तोडावयाचा तर लसीकरण हवे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश आहे. त्यात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदा लस दिली जाते. ज्यांच्या घरी वा नातेवाइकांकडे गोठा आहे अशा वाचकांनी याची चौकशी आपल्या पशुवैद्यकांकडे अवश्य करावी.

व्यवसायबंधूंसाठी चार गोष्टी लिहितो. तीन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबर वा पाठदुखी हे त्रिकूट दिसले की आपल्या देशात मन प्रथम क्षयाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तेवढ्यात दोन प्रश्न विचारावेत. घरी जनावरे आहेत काय, आणि कच्चे दूध वा त्याचा पदार्थ खाण्यात आला काय? त्रिकसंधीचा दाह, मणक्याचा विकार, वृषणशोथ यांमागे हा जंतू असू शकतो. क्षयाच्या उपचारातील रिफाम्पिसिनने या रोगालाही तात्पुरता उतार पडतो आणि चुकीच्या निदानाला बळकटी मिळते, हा सापळा ध्यानात असावा. रक्तसंवर्धनासाठी नमुना पाठवताना प्रयोगशाळेला आपला संशय आधी कळवावा. हा जंतू सावकाश वाढतो, शिवाय तेथील कर्मचाऱ्यांनाही त्यापासून धोका असतो. उपचार दोन औषधांचा आणि किमान सहा आठवड्यांचा, डॉक्सिसायक्लिनसोबत रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे अमिनोग्लायकोसाइड. ताप उतरला म्हणून रोग्याने दहाव्या दिवशी गोळ्या सोडल्या तर लाट परत येते. 'अनड्युलंट' हे नाव त्याला उगीच पडलेले नाही.

माल्टाला जाणाऱ्या प्रवाशाला व्हॅलेटाचे किल्ले व चर्च कोणीही दाखवील. डॉक्टर असाल तर एक दुपार आइन तुफ्फीहासाठी राखून ठेवा. चपला हातात घेऊन त्या तांबड्या वाळूवर चाला. वर बुरूज दिसेल, पठारावर छावणीची जागा दिसेल, मागल्या खोऱ्यात स्नानगृहे आहेत. ती उकरणाऱ्या हातांनीच बकरीच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला होता. मातीखाली काय दडले आहे ते पाहण्याची आणि निरोगी दिसणाऱ्या जनावरातही शोधण्याची सवय एकच असावी. झॅमिट यांनी शोध लावून आपले काम पुरे केले होते. तो शोध इमजारच्या शेतकऱ्याच्या भांड्यापर्यंत पोहोचवण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी होते, आणि त्याला तेहतीस वर्षे लागली. आपल्या दवाखान्यात बसून आपण जे करतो, ते बहुतांशी हे दुसरे काम आहे. नवे जंतू शोधण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येईल. पण समोरच्या रोग्याला "दूध तापवूनच घेता ना?" असे विचारण्यास कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही.